पास झालेले कान

६ नोव्हेंबर, गुरुवार

झाला एकदाचा बॉक्स! दिवाळीपासून गॅलरीत ठोकठोक चालली होती. आज माझी सुट्टी, म्हणून मला खास पाटावर बसवलं आणि लावला अभंग. ऐकला. म्हटलं, “अहो, हा माणूस गातोय की घोंगडी पांघरून कण्हतोय?”

नवनाथचं तोंड बघण्यासारखं झालं. (तोंडावर ‘अहो’ म्हणते. वहीत तरी ‘तो’च.) सोळा वर्षं पॅकिंगच्या ठेकेदाराकडे इंजिनांसाठी लाकडी खोकी ठोकली. दसऱ्याला ठेकेदारानं गाशा गुंडाळला. आता इंजिनाच्या जागी स्पीकर घालतोय. खोकं ते खोकंच.

जुन्या कपाटाचं पार्टिकल बोर्ड कापून बनवलाय. बोटानं टकटक केलं तर भुसा गळला. म्हटलं, “आधी बॉक्सला सर्दीचं औषध द्या.” पिंकी हसली. मग बापाकडे बघून गप्प झाली. चौदा वर्षांची आहे, पण बापाची बाजू घ्यायला एक नंबर.

आणि एवढा आटापिटा कशासाठी? देहूच्या कुसुमताईंच्या महिला भजनी मंडळाचा नवा हॉल झालाय. बाजारातल्या स्पीकरमधून पखवाज धडधडतो आणि टाळ गुडूप, म्हणून त्यांना हातानं बनवलेले दोन बॉक्स हवेत. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी लावून दाखवायचे. पसंत पडले तर आसपासच्या मंडळांची कामं मिळतील. प्लायवाले चांदभाई दुकानामागची शेडही द्यायला तयार. मग काय, नवनाथशेठ कारखानदार!

नाही पडले, तर मी विक्कीला सांगून ठेवलंय. आमच्या निघोजेच्या कंपनीत गेटवर सिक्युरिटीची माणसं तोच पुरवतो. एक जानेवारीपासून एक जागा आहे. निळा ड्रेस, शिट्टी, टोपी.

खरं लिहू? मला तो गेटवरच हवाय. रोज बसमधून उतरताना दिसेल. माझी बॅग तपासेल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

बॉक्स फोडला! मी काही म्हटलंही नाही. सकाळी उठून स्वतःच फोडला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गंमत झाली. नवनाथनं माझ्या कंपनीच्या फाइलमधून मागच्या वर्षीचा मेडिकलचा कागद काढून घेतला. ‘श्रवण चाचणी — दोन्ही कान सामान्य.’ तो कागद गॅलरीत, करवतीच्या वर, खिळ्याला लावलाय! म्हणाला, “विजू, माझे कान करवतीनं खाल्ले असणार. ठेकेदाराच्या माणसांना कोण तपासतंय? तुझे कान कंपनीनं पास केलेत. तू ऐकून सांगशील तसा बॉक्स करतो.”

म्हणजे आता मी न्यायाधीश. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

चाचणी म्हणजे तरी काय. कंपनीत तपासणीची गाडी येते. काचेच्या खोलीत बसवतात, हेडफोन घालतात, आवाज आला की बटण दाबायचं. शहाजादी माझ्या शेजारच्या प्रेसवर, पत्रा ठोकायच्या मशीनवर आहे. तिनं मला पहिल्याच वर्षी शहाणं केलं — “आवाजाची वाट बघत बसू नको गं बाई. काचेतून आवाज सोडणाऱ्या माणसाचं कोपर बघ. हललं की दाब.” सगळा शॉप तसंच करतो. मागं रांग असते, बस सुटायची असते. तीन मिनिटांत पास, चहासुद्धा गार होत नाही.

अठरा वर्षं प्रेस शॉपमध्ये आहे, आता लाईन लीडर. कानातले बोळे गळ्यात लटकवून फिरते, सेफ्टीवाला दिसला की घालते. एकदाही नापास नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नवनाथबरोबर चांदभाईंच्या दुकानात गेले. चिखलीत आहे. आमचा नवनाथ प्रत्येक फळीला टकटक करतो आणि कान लावतो. मुलगी बघायला आल्यासारखा! चांदभाई शांत माणूस. मला समजावून सांगत होते, “भाभी, बॉक्सला बोलणारं लाकूड नको. गाणं स्पीकरनं म्हणायचं, बॉक्सनं नाही. म्हणून हे एमडीएफ घ्या, बारीक भुसा दाबून केलेलं. जड हाय, मुकं हाय.”

मी म्हटलं, “जड आणि मुकं? मग ह्यांनाच कापून बॉक्स करा की!”

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. चांदभाई म्हणाले, “भाभी, जरा हळू. बाहेरच्या रिक्षावाल्यालापण ऐकू गेलं.” मी काही ओरडत नव्हते. ह्या लोकांनाच पुटपुटायची सवय. चांदभाई पुटपुटतात, पिंकी पुटपुटते, नवनाथचं तर विचारूच नका.

एमडीएफ घेतलं. नवनाथनं ते स्वतः खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर चढवलं. लिफ्टमध्ये मावत होतं — मी सांगितलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

एमडीएफचे दोन्ही बॉक्स तयार. घरभर पिठासारखी धूळ. पोह्यांत धूळ, उशीवर धूळ. आत गादीचा कापूस भरलाय, मागं पाइपचा तुकडा बसवलाय. दिसायला बरे आहेत, हे मान्य.

अभंग लावला. मी डोळे मिटून ऐकलं. पखवाज चांगला आला. पण वरचं काही नाही — टाळ नाहीत, चिपळ्या नाहीत. मला खरंच तसं ऐकू आलं. नसतं आलं तरी मी तेच म्हटलं असतं, ती गोष्ट वेगळी.

“टाळ कुठंयत?” मी विचारलं.

“वाजतायत की,” तो म्हणाला. पिंकी म्हणाली, “आई, किती छान वाजतायत!” मी खिळ्यावरच्या कागदाकडे नुसतं बोट दाखवलं.  त्या कागदाला हार घालायला पाहिजे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पिंकीला कणकण. नवा थर्मामीटर आणला तोही बिघडलेला. काखेत पाच मिनिटं ठेवला, वाजलाच नाही. पिंकी म्हणते, “कधीच वाजला गं आई, दोनदा वाजला.” शाळा बुडवायची म्हणून तोंडावर खोटं! कानाखाली एक दिली. थर्मामीटर कचऱ्यात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

एमडीएफ बाद केल्यावर नवनाथनं पॅकिंगच्या फळ्यांचं पाइन आणलं. सगळं रंधून काढलं. ते वाकलं. मग चांगला जाड प्लाय आणला, पाण्यातसुद्धा न फुगणारा. त्याचे बॉक्स आज ऐकले. मला काही फरक वाटला नाही.

कापताना त्याच्या अंगठ्याला लागलं. प्लायवर रक्त सांडलं. म्हटलं, “बरं झालं, पॉलिशचा खर्च वाचला.” तो हसला. कसला माणूस आहे हा — अशा बोलण्यावर कुणी हसतं? उलटून एक शब्द बोलला असता तर मी तरी थांबले असते.

मग विचारत बसला, “काय लाकूड वापरू मग? तू सांग.” मी पूजेची मांडणी करत होते, पहिला गुरुवार. वैतागून म्हटलं, “तुमच्या वडिलांचा सागवानी दिवाण आहे ना, तो कापा! तसाही अडगळच आहे.”

सासरे त्या दिवाणावर गेले. गावाहून, बार्शीहून, ट्रकमध्ये घालून आणलेली ती एकच वस्तू.

२९ नोव्हेंबर, शनिवार

कापला. बापरे. खरंच कापला!

४ डिसेंबर, गुरुवार

चांदभाई आले होते, बघून डोक्याला हात लावला. “नवनाथभाऊ, सागवान हवा धरतं, फुलतं, आवळतं. बॉक्सला कशाला? आणि अब्बांचा पलंग!” नवनाथ म्हणाला, फक्त पुढची बाजू सागवानाची केलीय, बाकी प्लाय. तेल लावून घासलंय. दिवाणाच्या कडेची वेलबुट्टी बरोबर स्पीकरच्या वर येईल अशी बसवलीय.

दिसतात मात्र राजवाड्यातल्यासारखे.

ऐकले. तेच, घोंगडी. सांगितलं. नवनाथ पहिल्यांदाच चिडला. चिडला म्हणजे काय, हातातला स्क्रू ड्रायव्हर जमिनीवर ठेवला. जोरात. म्हणाला, “आता लाकडात काही उरलं नाही विजू. सगळी लाकडं झाली.”

“मग लाकडाचा दोष नसेल. करणाऱ्याचा असेल.”

 त्यानं बॉक्स उघडला. ट्वीटर म्हणजे वरचा छोटा स्पीकर, बारीक आवाजाचा. त्याचा आवाज थोडा दाबून ठेवायला एक रेझिस्टर असतो म्हणे. तो काढून टाकला. परत लावलं. हां — जरासं काहीतरी आलं. पिंकीनं कानात बोटं घातली. नवनाथ म्हणाला, “मला टोचतंय.”

“तुमचे कान करवतीनं खाल्लेत ना? मग टोचेल कसं?”



११ डिसेंबर, गुरुवार

आज नीट लिहिते.

त्यानं प्रत्येक बॉक्सवर अजून एक ट्वीटर बसवला. आवाज वाढवत वाढवत नेला. मी नेहमीसारखी तोंड वाकडं करून बसले होते. आणि एकदम टाळ! खणखणीत! माहेरी देवळाच्या पायरीवर बसून ऐकायचे तसे. किती वर्षांत असे टाळ ऐकले नव्हते. चिपळ्या वेगळ्या, टाळ वेगळे. गाणाऱ्याचा ‘स’ ऐकू आला, श्वास ऐकू आला. डोळ्यात पाणी आलं माझ्या. पदरानं टिपलं, कुणाला दिसू दिलं नाही.

नवनाथ माझ्याकडे बघत होता. वर्गात नापास होणारं पोर मास्तरांकडे बघतं तसं.

“चालेल,” मी म्हटलं.

फक्त तेवढंच. तरी तो उठून गॅलरीत गेला आणि पाठ करून उभा राहिला. पाठ हलत होती. मी स्वयंपाकघरात निघून गेले. पिंकी आतल्या खोलीत, दार लावून. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन भांडून गेल्या — म्हणे दात आंबले. लोकांना चांगलं काही बघवत नाही.

विक्कीला अजून नाही म्हणून कळवलं नाही. बघू.

१८ डिसेंबर, गुरुवार

सगळं लिहिणार आहे. 

चांदभाईंच्या छोटा हत्ती टेम्पोतून बॉक्स देहूला नेले. गोधडीत गुंडाळून. नवनाथनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. हॉलमध्ये साठ-सत्तर बायका, समोर लक्ष्मीचा घट, नव्या फरशीचा वास. कुसुमताई उंच, रुबाबदार, नऊवारीतल्या. बॉक्सच्या सागवानावरून हात फिरवून म्हणाल्या, “लई देखणं केलंय भाऊ. वेलबुट्टी कुठून आनली?” नवनाथ म्हणाला, “वडिलांच्या दिवाणाची आहे.” बायका चुकचुकल्या. कौतुकानं.

मंडळाच्या बायका माईकसमोर बसल्या. पहिला टाळ वाजला.

एक म्हातारी ओरडलीच. एकीच्या कडेवरचं पोर किंचाळायला लागलं. साठ-सत्तर बायकांचे हात एकदम कानावर! पदर, हात, बोटं. चांदभाईंनी मान खांद्यात घातली. पिंकी पळत बाहेर गेली. नवनाथ आवाज कमी करायला धावला. कमी केला तरी लोक तोंड कसनुसं करून बसलेले.

आणि मी? मी खांबाला टेकून हाताची घडी घालून उभी होते. मला तर छान ऐकू येत होतं. सगळ्यांना काय झालंय ते कळेना.

कुसुमताईंनी थांबवलं. “भाऊ, ह्ये टाळ न्हाईत. सुया हायत सुया. असं कुनी सांगितलं तुमास्नी करायला?” मग माझ्याकडे बघत राहिल्या. “आन् तुमी वो ताई? तुमास्नी टोचत न्हाई व्हय?”

नवनाथ माझ्याकडे वळला. त्याला वाटलं, मी बोलेन. मी सांगितलं होतं म्हणून केलं, असं म्हणेन. साठ बायका बघत होत्या. सगळ्यांचे हात अजून कानाजवळ, फक्त माझे खाली.

मी म्हटलं, “मी पहिल्या दिवसापासून सांगतेय ताई. ह्यांना जमत नाही. ऐकतच नाहीत माझं!”

आणि कपाळाला हात लावला. नाटकातल्यासारखा.

नवनाथ वायर गुंडाळायला लागला. कोपरापासून पंजापर्यंत, कोपरापासून पंजापर्यंत, एकसारखी. येताना टेम्पोत मागं बॉक्सपाशी बसला, पुढं जागा असून.

१९ डिसेंबर, शुक्रवार

विक्कीनं ड्रेस पाठवला. पॅन्ट आखूड आहे. टोपी बसली.

२५ डिसेंबर, गुरुवार

चांदभाई आले. चहा प्यायले, मग मुद्द्यावर आले. कुसुमताईंचा निरोप आहे — संक्रांतीपर्यंत थांबते, भाऊला म्हणावं एकदा परत घेऊन ये. चांदभाई म्हणाले, “तो मधला एमडीएफवाला आवाज मी ऐकला होता नवनाथभाऊ, तुमच्या जिन्यातून येताना. कसम से, जिन्यातच उभा राहिलो होतो. तोच का नाही ठेवला? कुणी बदलायला सांगितलं?”

पिंकी दारात उभी होती. “आईनं,” म्हणाली.

मी म्हटलं, “ह्यांचे स्वतःचे कान नाहीत का?” चांदभाई चहाच्या कपाकडे बघत राहिले.

मग नवनाथ बोलला. आठ दिवसांत पहिल्यांदा इतकं. “चांदभाई, मला टोचत होतं. पिंकीला टोचत होतं. हिला टोचत नव्हतं, आणि हिच्याकडे कागद आहे. दोघांतल्या कुणाचे तरी कान गेलेत. यंदाची गाडी तीस तारखेला येणार आहे. हिचा कागद खराब आला तर माझे कान बरे आहेत. मग मी परत एमडीएफ कापतो, गेटवर जात नाही. हिचा कागद चांगला आला तर माझेच गेले. मग करवत तुम्ही घेऊन जा. बहिऱ्या माणसानं स्पीकर कशाला करायचे?”

मला राग आला. माझ्यावर पैज लावतोय! पण मनात हसलेसुद्धा. अठरा वर्षांत मी कधी नापास झालेय?

३० डिसेंबर, मंगळवार

गाडी नवी. माणूस बदललाय, कोवळी मुलगी आहे, जिकरा नावाची. खुर्ची भिंतीकडे तोंड करून. काच नाही, कोपर नाही, काही नाही. समोर पांढरी भिंत. तिनं हेडफोन घातले, हातात बटण दिलं, दार लावलं.

मी वाट बघत बसले. सुरुवातीला दोन-तीनदा घुमल्यासारखं आलं, दाबलं. मग काहीच नाही. बराच वेळ गेला. मी मागं वळून दार ढकललं. म्हटलं, “बाई, सुरू कर की आता. मागं रांग आहे.”

ती म्हणाली, “झाली ताई. संपली टेस्ट.”

कागद दाखवला. दोन्ही कानांची रेघ आधी सरळ, मग घसरगुंडीवरून उतरावी तशी खाली. “बारीक आवाज गेलेत, ताई. टाळ, पैंजण, थर्मामीटर, पाखरं. आजचं नाही हे, खूप वर्षांचं आहे. लोक पुटपुटतात असं वाटतं का तुम्हाला? मागच्या वर्षी पास कशा झालात?”

शहाजादी बाहेर रांगेत होती. तिच्याकडे बघवेना.

थर्मामीटर. पिंकीला मारलेली ती थप्पड. दिवाण. बसमध्ये सगळं आठवत गेलं, एकामागून एक. त्यानं टाळ माझ्या कानांपर्यंत आणले होते. अठरा वर्षांच्या प्रेसच्या पलीकडून ओढून आणले होते आणि मी म्हटलं, चालेल.

कागद उद्या हातात मिळणार, घरी तेवढंच सांगितलं. उद्या घरी गेल्या गेल्या त्याला दाखवायचा. ठरवलंय.

३१ डिसेंबर, बुधवार

दारातच विचारलं त्यानं. “काय आला कागद?”

पिंकी त्याच्या मागं उभी. दोघांच्या चेहऱ्यावर किती आशा होती!

“पास,” मी म्हटलं.

 त्यानं स्वतःच्या कानाला हात लावला. “म्हणजे माझेच गेले.” चांदभाईंना फोन केला, करवत घेऊन जा म्हणून. उद्या पहाटे सहाची ड्युटी आहे, ड्रेसला इस्त्री करत बसलाय.

चहा टाकला. त्याला हाक मारली. मग मुद्दाम जवळ जाऊन, वाकून, परत एकदा मारली. मोठ्यानं. बहिऱ्या माणसाला मारतात तशी.